शस्त्रक्रियेपूर्वीचा विचार

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाऊ लागली. पुढे शंभर वर्षे तिचे स्वरूप एखाद्या निवांत खेड्याचेच राहिले. १९९० नंतर तेथे संगणक-व्यवसायाची संकुले उभी राहिली, २०२३ मध्ये मेट्रो पोहोचली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतील तरुण स्त्री-पुरुष तेथे पोटापाण्यासाठी येऊन राहू लागले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सोलापूर या भागांतून गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. घर नवे, शहर नवे, भाषा परकी, आणि माहेर रात्रभराच्या प्रवासावर, अशी त्यांची स्थिती असते.

अशाच एका कुटुंबातील तीस वर्षांची एक स्त्री श्रोत्यांनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. वयाच्या चौदाव्या वर्षापासून महिन्याचे दोन-तीन दिवस तिला असह्य वेदना होतात. शाळेत असताना ती त्या दिवसांत घरी राही. आता कचेरीत गोळी घेऊन काम रेटते. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर पाच सेंटिमीटरची गाठ दिसली. एका डॉक्टरांनी पुढील आठवड्यातच दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे सांगितले. दुसऱ्यांनी थांबण्याचा सल्ला दिला. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरजेहून आलेली आई म्हणते, "आमच्या वेळी सगळ्यांनाच दुखायचं गं, आम्ही कुठं ऑपरेशनं केली?" सासूबाई फोनवरून सांगतात, "एकदा मूल होऊ दे, मग सगळं आपोआप थांबेल." पती बिचारा दोन्हीकडे मान डोलावतो. आणि टेबलावर संमतिपत्राचा कोरा कागद पडलेला असतो.

ही स्त्री काल्पनिक आहे, परंतु तिच्यापुढील प्रश्न काल्पनिक नाही. तिच्या दुखण्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. इतका सर्वसामान्य विकार असूनही त्याचे नाव पुष्कळ सुशिक्षित घरांतही ऐकलेले नसते. आणि पहिल्या वेदनेपासून अचूक निदान होईपर्यंत कित्येक वर्षे निघून जातात.

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते आणि गर्भधारणा न झाल्यास स्रावाबरोबर बाहेर पडते. या विकारात तशाच प्रकारचे अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, क्वचित आतड्यांवर किंवा मूत्रमार्गावर रुजते. शरीरातील अंतःस्रावांचा हुकूम त्यालाही लागू असतो. तेही महिन्याच्या महिन्याला फुगते व स्रवते. परंतु त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. मग तेथे दाह होतो, व्रण पडतात, शेजारची इंद्रिये एकमेकांना चिकटतात. अंडाशयात असे जुने रक्त साठले म्हणजे त्याची तपकिरी, दाट द्रवाने भरलेली गाठ बनते. अमेरिकेतील ऑल्बनी येथील शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये या गाठींचे सविस्तर वर्णन केले आणि त्याच दशकात या विकाराचे आजचे नाव रूढ केले. पाळीच्या वेळी काही रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असे त्यांचे मत होते. असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत होतो. मग काहींनाच हा विकार का जडावा, याचे पूर्ण उत्तर शास्त्राला अद्याप मिळालेले नाही. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतही या विकारावर संशोधन चालू आहे.

या विकाराची एक विलक्षण गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोगाचा पसारा आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नाही. पोट उघडून पाहिल्यास जिच्यात चार-दोनच ठिपके आढळतात तिला उठता-बसता येत नाही, आणि जिची इंद्रिये एकमेकांना चिकटून गेली आहेत तिला कधी फारशी तक्रारही नसते. तेव्हा "तुमचा रोग चौथ्या अवस्थेत आहे, म्हणून शस्त्रक्रिया हवीच" हे विधान, किंवा "पहिलीच अवस्था आहे, उगाच बाऊ करू नका" हे दुसरे विधान, दोन्ही अपुरी ठरतात. कर्करोगाच्या अवस्था आणि या अवस्था यांचा अर्थ एक नव्हे. हा विकार कर्करोग नाही. त्यामुळे अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता किंचित वाढते हे खरे, परंतु ती एकंदरीने अल्पच राहते. भीतीने घाईघाईत निर्णय घ्यावा असे बहुतेक प्रसंगी काहीच नसते.

पूर्वी निदानासाठीच शस्त्रक्रिया करावी लागे. पोटाला छोटे छिद्र पाडून दुर्बीण आत घालावयाची व प्रत्यक्ष डोळ्यांनी रोग पाहावयाचा, हीच खात्रीची पद्धत समजली जाई. आपल्या देशात हे तंत्र रुजविण्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तेहम्तन उडवाडिया यांचा मोठा वाटा आहे. १९७२ पासून त्यांनी तेथे दुर्बिणीने पोटाची तपासणी सुरू केली आणि १९९० मध्ये याच मार्गाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. आज मात्र निदानापुरती तरी परिस्थिती पालटली आहे. युरोपातील मानवी प्रजननशास्त्राच्या तज्ज्ञसंस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेने दुर्बिणीच्या तपासणीचे हे अग्रस्थान काढून घेतले. रुग्णेची हकिकत, हाताने केलेली तपासणी, कुशल हाताने केलेली सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात. चित्रणात काही दिसत नाही आणि औषधांनीही गुण येत नाही, अशा वेळीच निदानासाठी दुर्बिणीचा विचार करावा, असे ती सांगते.

तेव्हा शस्त्रक्रिया सुचविली गेली असता पहिला प्रश्न असा की, ती कशासाठी? वेदना कमी व्हाव्यात म्हणून, मूल व्हावे म्हणून, की एखादे इंद्रिय वाचवावे म्हणून? या तीन हेतूंची उत्तरे तीन निरनिराळी आहेत, आणि पुष्कळसा घोटाळा ही तिन्ही एकत्र कालविल्याने होतो.

वेदनेचा विचार प्रथम करू. वेदनाशामक गोळ्यांनी भागत नसेल तर संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोनचे उपचार दिले जातात. गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारख्या प्रोजेस्टेरॉन वर्गातील गोळ्या, काही वेळा गर्भाशयात बसविण्याचे औषधयुक्त साधन, हे त्यांचे प्रकार होत. त्यांनी पाळी सौम्य होते किंवा तात्पुरती थांबते आणि बाहेर रुजलेले अस्तरही निवते. अविवाहित मुलीला गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या की मराठी घरात एकदम शांतता पसरते, "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न रोगापेक्षा मोठा होतो. वस्तुतः येथे त्या गोळ्या गर्भनिरोधासाठी दिलेल्या नसतात. ताप उतरविणारी गोळी दातदुखीवरही देतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र या औषधांना दोन मर्यादा आहेत. ती घेत असेपर्यंतच त्यांचा गुण टिकतो, आणि त्या काळात गर्भधारणा होत नाही. शिवाय काहींना डोकेदुखी, मनाची उदासी, अनियमित रक्तस्राव असे त्रास होतात. औषधे सोसत नाहीत, पुरेशी पडत नाहीत किंवा ती घ्यावयाचीच नाहीत, असे ठरल्यावर शस्त्रक्रियेचा पर्याय रास्तपणे पुढे येतो.

तिचा गुण किती? इंग्लंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत काही स्त्रियांवर दुर्बिणीतून लेसरने उपचार केले आणि काहींची केवळ तपासणी केली. कोणाला काय मिळाले हे त्यांना सांगितले नव्हते. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ६२.५ टक्के स्त्रियांना आराम वाटला, तर दुसऱ्या गटातील २२.६ टक्के स्त्रियांना. २००४ मधील अशाच एका चाचणीत रोगट भाग कापून काढल्यानंतर ८० टक्के आणि नुसत्या तपासणीनंतर ३२ टक्के स्त्रियांना बरे वाटले. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. शस्त्रक्रियेचा उपयोग खराखुरा आहे; आणि तरीही कुशल हातून शस्त्रक्रिया होऊन काही स्त्रियांचे दुखणे राहतेच. त्याखेरीज रोग परततो. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २००९ मधील एका लेखानुसार शस्त्रक्रियेनंतर २ वर्षांत सुमारे २१.५ टक्के आणि ५ वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांमध्ये तो पुन्हा दिसतो. लगेच मूल नको असल्यास नंतर हार्मोनचे उपचार चालू ठेवले तर हे प्रमाण घटते. म्हणजे "एकदा कापून टाकले की कायमचे सुटलो" ही समजूत चुकीची आहे. शस्त्रक्रिया आणि औषध यांत एकच निवडावयाचे असते असेही नाही; पुष्कळदा दोन्ही लागतात, आणि कोणते केव्हा, हाच खरा प्रश्न असतो.

दुसरा हेतू संततीचा. रोग सौम्य असता शस्त्रक्रियेने गर्भधारणेची शक्यता वाढते का, हे पाहण्यासाठी कॅनडात ३४१ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३६ आठवड्यांच्या अवधीत शस्त्रक्रिया झालेल्या गटात गर्भधारणेचे प्रमाण ३०.७ टक्के आणि केवळ तपासणी झालेल्या गटात १७.७ टक्के आढळले. त्यानंतर इटलीत झालेल्या एका लहान चाचणीत असा लाभ दिसून आला नाही. अंडाशयातील गाठीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गाठीची भिंत सोलून काढताना तिला लगटून असलेला अंडाशयाचा निरोगी भागही थोडाफार जातो, आणि त्याबरोबर स्त्रीबीजांचा साठा घटतो. हा साठा जन्मतःच ठरलेला असतो; त्यात पुन्हा भर पडत नाही. म्हणून अशा शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील एएमएच या द्रव्याची चाचणी करून साठ्याचा अंदाज घेणे शहाणपणाचे. दोन्ही अंडाशयांवर गाठी असतील किंवा पूर्वी एकदा शस्त्रक्रिया झाली असेल, तर सावधगिरी दुपटीने हवी. केवळ परीक्षानलिकेतील गर्भधारणेचे यश वाढावे एवढ्यासाठी गाठ सरसकट काढू नये, असे उपरोक्त युरोपीय मार्गदर्शिकेचे मत आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने परीक्षानलिकेच्या मार्गाने मुलगी जन्मास आली, त्या वेळी ते नवल होते. आज तो मार्ग व्हाइटफील्डसारख्या उपनगरातही उपलब्ध आहे, मात्र खर्चाचा आणि मनाची परीक्षा पाहणारा आहे. वय, एएमएच, पतीची तपासणी आणि रोगाचा पसारा ही चार पाने एकत्र मांडल्यावाचून "आधी शस्त्रक्रिया की आधी गर्भधारणेचा प्रयत्न" याचे उत्तर देता येत नाही. आणि गर्भारपणात वेदना थांबल्या तरी त्यानंतर त्या परत येऊ शकतात. सासूबाईंचा आशावाद शास्त्राला धरून नाही.

तिसरा हेतू इंद्रिय वाचविण्याचा. रोग मूत्रवाहिनीला आवळू लागला तर मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते, आणि तेही काही वेळा फारशी वेदना न होता. आतड्याची वाट अरुंद झाली तर अन्नमार्ग अडण्याची भीती असते. गाठ फुटली, किंवा तिचे स्वरूप संशयास्पद दिसले, तरीही थांबून चालत नाही. अशा प्रसंगी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. परंतु ती स्त्रीरोगतज्ज्ञाने एकट्याने करावयाची नव्हे. आतड्यांचे व मूत्रमार्गाचे शल्यतज्ज्ञ सोबतीला असावे लागतात. म्हणून "आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या? सोबत कोण असेल?" असे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

यापुढील पायरी म्हणजे गर्भाशयच काढणे. महाराष्ट्रात तिला सरळ "पिशवी काढणे" म्हणतात, आणि या शब्दाच्या साधेपणातच त्या कृतीचे गांभीर्य हरवून जाते. या विकारात रोग पिशवीच्या बाहेर असतो. म्हणून पिशवी गेली तरी बाहेरचा रोग राहू शकतो. अंडाशयही काढली तर तरुण वयातच ऋतुनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मुले झालेली आहेत, औषधे व अन्य शस्त्रक्रिया करून झाल्या आहेत, गर्भाशयाच्या भिंतीतही तसाच विकार आहे, अशा स्त्रीने नीट समजून हा मार्ग पत्करला तर तो योग्य ठरू शकतो. न समजता पत्करला तर काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखविले आहे. २०१९ मध्ये तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला, आणि राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते, वरून दंड बसतो. अशा वेळी कोणी कर्करोगाची भीती घातली की ती बाई कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला, तो अशाच अनुभवांनंतर.

परंतु निर्णय कोणाचा, या प्रश्नाला याच विकारासंबंधी झालेल्या एका खटल्याने स्पष्ट उत्तर दिले आहे. मे १९९५ मध्ये दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री अतिस्रावाची तक्रार घेऊन एका दवाखान्यात गेली. दुर्बिणीच्या तपासणीसाठी तिने संमती दिली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांना एंडोमेट्रिऑसिस आढळला. बाहेर बसलेल्या वृद्ध आईची सही घेण्यात आली आणि मुलीचे गर्भाशय व दोन्ही अंडाशय काढून टाकण्यात आले. शुद्धीवर आल्यावर तिला कळले की, आता आपल्याला मूल होणे नाही. तिने दाद मागितली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन हे पूर्वी कर्नाटक उच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

या निकालातील विशेष असा की, केलेला उपचार वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अमान्य होता असे न्यायालयाने म्हटले नाही. त्या रोगावर तसा उपचार करण्याची पद्धत होती, हे त्याने मानले. तरीही तो उपचार बेकायदेशीर ठरला, कारण त्यास त्या स्त्रीची संमती नव्हती. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. प्रौढ व्यक्ती भुलीखाली तात्पुरती बेशुद्ध आहे, एवढ्याने तिच्या आईला तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार पोहोचत नाही. जीव वाचविण्यासाठी तत्काळ हालचाल करावी लागली तरच अपवाद. अन्यथा रुग्णेला शुद्धीवर येऊ द्यावे, सर्व सांगावे, आणि मग तिने ठरवावे. उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू, लाभ, अन्य पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम एवढे रुग्णास कळलेच पाहिजे, असा दंडक न्यायालयाने घालून दिला. भरपाई केवळ २५ हजार रुपयांची मिळाली आणि डॉक्टरांना आपली फी गमवावी लागली. त्या स्त्रीचे जे गेले होते त्याच्या मानाने ही रक्कम नगण्यच. परंतु तिच्या झगड्यामुळे देशातील प्रत्येक स्त्रीच्या संमतीला वजन आले.

आता व्हाइटफील्डमधील त्या टेबलाकडे पुन्हा वळावे. तेथील कोऱ्या कागदावर सही पतीची नव्हे, सासूबाईंची नव्हे, आईचीही नव्हे. ती त्या स्त्रीची स्वतःची हवी. आणि कागद कोरा असता कामा नये. दुर्बिणीतून काय काय करण्यास आपली संमती आहे आणि कशास नाही, उदाहरणार्थ गाठ काढावी पण अंडाशय काढू नये, हे त्यावर तिला समजणाऱ्या भाषेत लिहिलेले असावे. कन्नड किंवा इंग्रजी पुरेशी कळत नसेल तर मराठीतून समजावून घेण्याचा तिला हक्क आहे. शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात पहिल्याचा अवमान होत नाही. विमा कशास लागू आहे, विश्रांतीसाठी किती दिवस लागतील, त्या काळात घरी कोण असेल, हे व्यावहारिक प्रश्नही शस्त्रक्रियेचाच भाग आहेत. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांना महिन्यातून एक दिवसाची पगारी पाळी-रजा देण्याचे धोरण मंजूर केले. एका दिवसाने हा रोग बरा होणार नाही. पण ज्या दुखण्याचे नाव घेण्याचीही चोरी होती त्याची दखल सरकारदरबारी घेतली गेली, हे लहानसहान नव्हे.

त्या स्त्रीने अखेर काय ठरवावे? मूल हवे असेल आणि बीजांचा साठा कमी असेल तर ती कदाचित शस्त्रक्रिया पुढे ढकलील. वेदनांनी जीव नकोसा झाला असेल आणि गोळ्या सोसत नसतील तर ती शस्त्रक्रियेचीच निवड करील. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. कोणा एकीला लागू पडलेला उपाय शेजारणीला लागू पडेलच असे नाही, कारण दोघींचा रोग, वय आणि आयुष्याकडून असलेली अपेक्षा एक नसते. आईने एवढेच करावे की, "आम्हालाही दुखायचं" या वाक्यानंतर थांबू नये. "तुला किती दुखतं, ते सांग" असे विचारावे. सोळा वर्षे न विचारलेला तो प्रश्न विचारला गेला म्हणजे संमतिपत्रावरील सहीला लागणारे धैर्य पुष्कळसे आपोआप येते.